मसाल्यात काय कमी आहे

“हल्ली हिच्या मसाल्याला पहिल्यासारखी चव नाय राहिली. कायतरी कमी पडतं.”

हे सगुणाला ऐकवायला कुणी बोललं नव्हतं. मसाला कुटायचा डंक चालू असला की रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात, आणि ते बोलणं मुसळांच्या धडधडीत जिथल्या तिथं कुटून जातं. सगुणाच्या डंकावर आजवर किती सुनांची आणि किती सासवांची अब्रू अशी बारीक होऊन गेली त्याला गणती नाही. पण नेमकी त्याच घटकेला लाईट गेली. मुसळं अर्ध्यावर थबकली, पट्ट्याची फटफट बंद पडली, आणि ‘कायतरी कमी पडतं’ एवढे शब्द मिरचीच्या खकाण्यासारखे पत्र्याखाली तरंगत राहिले. बोलणारी मथुरा, मागच्याच आळीतली. हातातला डबा उगाच हलवत ती म्हणाली, “म्हंजे ह्या बाजारातल्या बेडगीलाच रंग नाय गो आता. तुजा काय दोष?” शेजारची लगेच म्हणाली, “तर काय!” सगुणानं नाकातोंडावर बांधलेला पंचा खाली ओढला आणि नुसती हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाय, आणि तो मथुरेचा नाही. कुणाचा आहे ते मात्र चटकन सापडेना. राग मांजरासारखा पायाशी घोटाळत राहिला.

काय कमी पडतं ते सगुणाला ठाऊक होतं. मथुरेलाही ठाऊक होतं. मांडवीच्या त्या आळीत ज्याच्या घरी कालवण शिजतं त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणून लांबडं म्हणतात, तसं गेल्या वर्षापासून लोक त्या जिनसेचं नाव घेत नव्हते. वाणी भिकाजीशेट तिला ‘पांढरी’ म्हणायचे, तेही आवाज उतरवून, जणू गिऱ्हाइकाला काही भलतंच विकतायत. दिवाळीला तर कमाल झाली होती. आळीतल्या अनारशांना कुणी ती लावलीच नाही. घराघरातून आलेल्या ताटांत ते बोडके, पिठूळ अनारसे बघून सगुणाला वाटलं होतं, हे नेसायचे विसरून बाहेर आलेत. तिनं एक मोडून तोंडात टाकला होता आणि दाताखाली जे कुरकुरायला हवं ते न कुरकुरल्यामुळे तिचा घास तोंडातच फिरत राहिला होता. मैमुनाच्या घरी फराळ द्यायला गेली तेव्हा मैमुनानं ताटावरचा रुमाल उचलला, अनारशांकडे बघितलं, आणि काही न बोलता रुमाल परत घातला. त्या दोघींच्या पंचवीस वर्षांच्या शेजारात एवढं मोठं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मैमुनाचा मुलगा अद्नान तिकडे तुरुंगात होता. रत्नागिरीत ‘तिकडे’ म्हटलं की कुठे ते विचारायचं नसतं. समुद्राकडे तोंड करून हात लांब केला की जिथं बोट टेकेल ते तिकडे. पोरगा एसी दुरुस्तीचं काम शिकून गेला होता, सुट्टीवर आला, आणि परत जाताना त्याच्या बॅगेत सगळ्यांच्या बॅगेत असतं तेच होतं: आमसुलं, सुका जवळा, कुणाच्या भावासाठी गुडघ्याला लावायचं तेल, कुणाच्या नवऱ्यासाठी तांदळाचे पापड, आणि त्याच्या खोलीतल्या पाच पोरांना मिळून सगुणाच्या डंकावरचा मसाला. तिकडे जाणाऱ्याची बॅग त्याची एकट्याची कधीच नसते, ती आळीची असते. तो बिचारा नुसता चाकं लावलेला हमाल. मसाल्याची पिशवी सगुणानं स्वतः भरली होती, मेणबत्तीच्या ज्योतीवर तोंड चिकटवलं होतं, आणि चिकटवताना तिच्या अंगठ्याला चटका बसला होता. “मावशी, दोन पिशव्यांत घाल, फुटली तर माझे शर्ट वासाचे होतील,” अद्नान म्हणाला होता. लहानपणी डंकापाशी मिरच्यांच्या पोत्यावर बसून शिंकत राहणारं पोर ते. घरी जा म्हटलं तर जायचं नाही. शिंका मोजायचं. तिकडच्या विमानतळावर यंत्रानं काही दाखवलं नाही; एका माणसानं पिशवी उघडून बोटावर मसाला घेतला, त्यात बारीक पांढरा दाणा सापडला, आणि त्या देशाच्या कायद्यात तो दाणा अफूच्या बोंडातला म्हणून अफूच्याच रांगेत बसलेला. आपल्याकडे तो बाळंतिणीच्या खिरीत पडतो. समुद्राच्या एका काठाला खीर आणि दुसऱ्या काठाला गुन्हा, आणि मधे एक पोर चाकांची बॅग ओढत चाललेलं.

बातमी आली तेव्हा सगुणा पहिले काही महिने स्वतःला कुटत राहिली. मुसळ वर जाई तेव्हा ‘तूच’, खाली येई तेव्हा ‘घातलीस’. अंगठ्यावरचा डाग कधीच गेला होता, पण ती तो शोधायची. मग एके दिवशी आंघोळीचं पाणी अंगावर ओतता ओतता तिला एकदम थंड डोक्यानं वाटलं: ही चूक नाही. हा मसाला आहे. माझ्या आईनं असाच केला, तिच्या आईनं असाच केला, आणि त्यात जे पडतं ते पडतं. ज्यांनी एवढासा दाणा बघून पोराला आत टाकलं, आणि ज्यांनी ते ऐकून मान डोलावली, त्यांचं बघा काय ते. पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि मसाल्यात ती जिन्नस परत घालायचीही हिंमत केली नाही. शहाणपण येतं त्याच्या बरोबर धीर येतोच असं नाही, तो मागच्या एसटीनं येतो.

ती अजून मथुरेच्या डब्याकडे बघत होती तेवढ्यात आळीत एक पांढरी गाडी मागेपुढे करत शिरली. विनोद. आंब्याचा निर्यातदार, सगुणाच्या शाळेत तिच्या दोन इयत्ता मागे असलेला, नाक वाहणारा विनोद, आता चष्म्याला सोनेरी काडी. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, असं सगुणाला कधी कधी वाटे. चांगल्या माणसाशी भांडायला फार तयारी लागते. अद्नानला पकडलं तेव्हा मुंबईच्या वकिलाला पहिला फोन त्यानंच केला होता. आणि सगुणाच्या बचत गटातल्या बारा बायकांचा मसाला परदेशी पाठवायची कल्पनाही त्याचीच.

“सगुणाताई, फोन का उचलत नाही?”

“डंकात ऐकायला येत नाय. बोल.”

“गुरुवारी पाहुणे येतायत. तिकडचे. सकाळी पॅकिंग बघतील, मग बाग, मग जेवण आमच्याकडे. दिल्लीचे साहेबही असणार. करार जवळपास झालाय म्हणा, आंबा, मासळी, आणि यादीत तुमचा मसाला. मसाला तुमच्या गटाचाच वापरायचा, नवा. तुम्हीही यायचं, गटाच्या अध्यक्षा म्हणून. आणि रांधायला मैमुनाभाभी.”

“मैमुना?”

“मग दुसऱ्या कुणाच्या हाताला ती चव आहे?”

रांगेतल्या बायकांनी डबे हलवणं थांबवलं. लाईट अजून आली नव्हती, आणि पत्र्यावर एक कावळा पाय घासत होता तेवढाच आवाज. सगुणा म्हणाली, “आणि तिच्या मुलाचं?”

“हळू, ताई.” विनोदनं मागे बघितलं, जणू तिकडचा कुणी पाहुणा भिकाजीशेटच्या दुकानात लपून बसलाय. “माझ्या डोक्यात आहे ते. जेवण आवडलं की मी स्वतः विषय काढतो. पोट भरलं की माणूस मऊ होतो. पण तुम्ही कुणी काही बोलू नका. दोन देशांचं नाजूक असतं सगळं. एक वाकडा शब्द गेला तर तुमच्या बारा बायकाही गेल्या आणि पोरगाही गेला. शब्द द्या मला.”

“मी मसाला देते,” सगुणा म्हणाली.

त्याला वाटलं तिनं शब्द दिला. ती गाडी आळीतून पुन्हा मागेपुढे करत निघेपर्यंत सगुणाला आपला राग सापडला होता. तो त्या ‘नाजूक’वर होता. मैमुनाचा नवरा मन्सूर, तीस वर्षं बोटीवर काढलेला, ज्यानं वादळाबद्दलसुद्धा घरी येऊन ‘वारा होता थोडा’ एवढंच सांगितलं असेल, तो मुलासाठी दिल्लीच्या कचेरीत जाऊन आला होता तेव्हा व्हरांड्यात बसून त्यानं साहेबाचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं, शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तसं: “व्यापार, सुरक्षा आणि मानवी हक्क या तिन्हींचा समतोल साधावा लागतो.” एरवी ‘हाय-नाय’ बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडात ते शब्द नव्या कवळीसारखे वाजत होते. साहेब वाईट नव्हताच. त्यानं चहा मागवला होता. त्या देशाशी तेलाचा संबंध आहे, म्हणाला, आपली लाखो माणसं तिथं कामाला आहेत, अमली पदार्थांविरुद्ध दोघांनी मिळून करार केलाय, त्यात आपणच सांगितलं की कडक राहा. आता त्यांना कसं म्हणायचं, की आमच्या माणसापुरते सैल व्हा? माफीचा अर्ज गेलाय. ईदला नावं सुटतात. थांबा. बाहेर बोलू नका. दोन ईद येऊन गेल्या होत्या. सगुणानं तेव्हा मनाशी आपली दुकानातली तागडी धरून बघितली होती. तिला दोन पारडी. एकात आंबा आणि तेल घाल, दुसऱ्यात ती सुरक्षा घाल, डावं-उजवं करून काटा मधे आण. मग तिसरी वस्तू कुठं ठेवणार? तिसरं पारडं असलेली तागडी कुठल्या बाजारात मिळते? पोरगा काट्यावरच बसला होता. काटा स्थिर राहावा म्हणून त्यानं हलायचं नव्हतं, एवढंच.

आणि आळी? आळीतल्या प्रत्येक दुसऱ्या घराचं कुणी ना कुणी तिकडे होतं. त्यांना व्हिसाची भीती. ज्यांचं कुणी नव्हतं त्यांना आंब्याच्या भावाची. सगुणाचा नवरा मुंबईत, महिन्याला फोन आणि गणपतीला माणूस, तो म्हणाला होता, “तू मधे पडू नको, आपलं दुकान आहे.” सगळ्यांची कारणं खरी होती. हेच तर वाईट. खोट्या कारणांचं तोंड धरता येतं; खऱ्या कारणांची भिंत होते आणि माणूस तिला टेकूनही बसतो. मैमुना तशीच बसली होती वर्षभर. रडली असती तर सगुणानं तिला धरलं असतं, पण ती सकाळी उठून तांदळाची सांदणं उकडायची, दारात पाणी मारायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, “बरा हाय. फोन येतो.” फोन येतो म्हणजे सहा-सात आठवड्यांनी कधीतरी येतो, आणि त्यात तो आईला विचारतो की जेवलीस का, आणि आई त्याला विचारते की जेवलास का, आणि दोघं हो म्हणतात. एकदा सगुणा तिथंच होती. फोन ठेवल्यावर मैमुना म्हणाली होती, “त्याला ताप हाय. सांगतो नाय, पण श्वास मला कळतो.” मग ती आत गेली आणि भांडी घासत राहिली, घासलेलीच भांडी.

बुधवारी सगुणा भिकाजीशेटच्या दुकानात उभी होती. तिनं धणे घेतले, बडीशेप घेतली, दगडफूल नाकाशी नेऊन परत ठेवलं आणि दुसरं घेतलं. भिकाजीशेट कागदाच्या पुड्या बांधता बांधता तिच्याकडे चष्म्यावरून बघत होते. “एवढंच?”

“आणि अर्धा किलो ती.”

“कोणती?”

सगुणाच्या जिभेवर शब्द आला. तिथं तो वर्षभर न वापरलेल्या कुलपासारखा गंजला होता, फिरेना. “ती पांढरी,” ती शेवटी म्हणाली आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. भिकाजीशेटांनी खालच्या फळीमागून बरणी काढली. बरणीवर धूळ होती. “मुलगी बाळंत झालीय का कुणाची?” त्यांनी विचारलं, म्हातारा माणूस, तिला निसटायला दार उघडून देत होता. तिनं ते दार वापरलं नाही. “नाय. मसाल्यात घालायचीय.” पुडी बांधताना भिकाजीशेटांचे हात थांबले, मग त्यांनी मूठभर जास्तच टाकली, आणि दोरा दातानं तोडला.

त्या दुपारी डंक बंद ठेवून, मागच्या पडवीत चुलीवर कढई तापवून तिनं सगळे जिन्नस एकेक करून भाजले. सर्वांत शेवटी ती. ह्या वस्तूला फार लक्ष द्यावं लागतं. मिरची जळली तर ओरडते, ही जळली तर कळतही नाही, नुसती कडू होऊन बसते. मंद आचेवर ती हलवत राहिली. दाणे आधी नुसते सरकत होते, ओल्या वाळूसारखे जड. मग त्यांना हलकेपणा आला, कढईच्या कडेवर चढू लागले, आणि एक बारीक तडतड सुरू झाली, खूप लांबून पाऊस यावा तशी. वास आला. दूध आणि लाकूड यांच्या मधला तो वास, अंगाला तेल लावलेल्या लहान मुलाच्या टाळूसारखा. सगुणाचं सगळं घर त्या वासानं एकदम ओळखीचं झालं, वर्षभर पाहुण्यासारखं उभं होतं ते घर. तिच्या बोटांना दाणे चिकटले. तिनं ते झटकले नाहीत. तिला वाटलं, हे मी काय करतेय? पाहुण्याला फसवतेय? उद्या कुणी म्हणेल, बाईनं पानात भलतंच वाढलं. मग ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, “भलतं म्हंजे काय? त्यात काय कमी आहे ते सगळे वर्षभर चाखतायत. आता काय आहे ते चाखू देत.” शेजारच्या परसातून कोंबडी पळाली. सगुणानं कढई खाली उतरवली. आणि हे लपवायचं नाही, तिनं ठरवलं. त्यानं विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर न विचारता सांगायचं. पण हे ठरवताना गटातल्या बारा बायका तिच्यासमोर उभ्या राहिल्या, नावांसकट, आणि त्यांच्यामागे अद्नान, ज्याच्यासाठी हे करायचं आणि ज्याला ह्याच्यामुळेच आणखी दोन वर्षं पडली तर ती कुणाला तोंड दाखवणार होती? गप्प राहूनही ह्यातनं सुटका नव्हती, एवढं मात्र आता तिला पक्कं कळलं होतं. गप्प राहण्याला लोक काळजी म्हणतात. वर्षभर त्याची काळजी घेऊन घेऊन त्यांनी पोराचं नावसुद्धा पुसलं होतं.

विनोदचं घर गावाबाहेर कातळावर, भोवती हापूसची कलमं. गुरुवारी उन्हानं कुंपणाचा जांभ्याचा गडगा इतका तापला होता की त्याच्याजवळून जाताना गालाला झळ लागे. सगुणा मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली तेव्हा मैमुना मटणाच्या टोपाशी उभी होती, डोक्यावरची ओढणी कानामागे खोचून. कांदा लाल झाला होता. “आण,” ती हात पुढे करून म्हणाली, “कधीची वाट बघतंय.” सगुणानं डबा दिला. मैमुनानं झाकण काढलं आणि चमचा आत घालायच्या आधीच तिचा हात थांबला. तिनं डबा नाकाशी नेला नाही. नेण्याची गरज नव्हती. ती सगुणाकडे बघत राहिली आणि सगुणा तिच्याकडे, आणि टोपात कांदा चरचरत राहिला. सगुणाला वाटलं, ही आता डबा परत देईल. तिचा हक्कच आहे. मी कोण? पोर तिचं. मला आधी विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही कारण ती नको म्हणेल अशी भीती होती. म्हणजे मीसुद्धा त्या साहेबासारखीच, हिचं हित हिला न विचारता ठरवणारी. ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मैमुना म्हणाली, “कांदा करपतोय गो,” आणि तिनं टोपात दोन चमचे मसाला टाकला. डाव फिरवला. वास उठला, खिडकीतून बाहेर गेला. मग तिनं पुन्हा चमचा डब्यात घातला आणि तिसरा टाकला. “आता पुरे,” ती म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा सगुणाला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं दिसलं. हसू नव्हतं ते. भरतीच्या आधी खाडीचं पाणी जरासं जागचं हलतं, तसं.

पाहुणे पाच जण. त्यांतला मुख्य, साठीचा, दाढी बारीक कातरलेली, आवाज इतका हळू की त्याचं ऐकायला सगळे पुढे वाकत. मुंबईहून आणलेला दुभाषा त्याच्या कोपराशी बसला होता. दिल्लीचे साहेब समोर. तेच ते, समतोलवाले, सगुणानं ओळखलं, कारण मन्सूरनं सांगितलं होतं त्याप्रमाणे ते बोलताना दोन्ही तळवे तागडीसारखे वर-खाली करत होते. विनोदनं सगुणाची ओळख करून दिली, “आमच्या उद्योजिका,” आणि पाहुण्यानं छातीला हात लावून मान लववली. चांगला माणूस वाटला. सगुणाच्या मनात आलं, देवा, एकतरी वाईट माणूस पाठव रे, म्हणजे सोपं होईल. जेवण वाढलं. सांदणं, मटणाचं सालन, भात, आंब्याच्या फोडी. मग म्हाताऱ्यानं सांदणाचा तुकडा सालनात बुडवला, खाल्ला, थोडा थांबला, आणि त्याच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं, प्रवासाचा ताण उतरावा तसं. त्यानं दुसरा तुकडा घेतला. वाटी संपली. विनोद धावला, “और लीजिए,” आणि म्हाताऱ्यानं नको म्हणता म्हणता वाटी पुढे केली. दुसऱ्यांदा. सगुणानं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारातून मैमुनानंही बघितलं.

आंब्याच्या साली ताटात साठत गेल्या. साहेबांनी समुद्रमार्गाच्या भाड्याबद्दल काही सांगितलं, पाहुण्यानं बंदरातल्या तपासणीबद्दल, दोन्ही देशांनी मिळून किती माल पकडला त्याबद्दल. साहेबांनी समाधानानं तळवे समपातळीत आणले. सगुणा विनोदकडे बघत होती. आता काढ. पोट भरलं त्याचं. विनोदला तिची नजर लागली, त्यानं घसा साफ केला, पाण्याचा घोट घेतला, म्हणाला, “एक छोटीशी गोष्ट होती...” साहेबांनी मान न हलवता नुसते डोळे त्याच्याकडे वळवले. “...म्हणजे हापूसची पेटी. सगळ्यांना एकेक भेट,” विनोदनं वाक्य पुरं केलं, आणि मग तो आपल्या ताटाकडे बघत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, शाळेत छडी खाल्ल्यावर व्हायच्या तशा. सगुणाला त्याची दया आली. आणि दया आली त्याच क्षणी भीती गेली. कशी गेली ते तिला पुढंही कधी कळलं नाही.

म्हाताऱ्यानं रुमालानं ओठ टिपले आणि दुभाष्याच्या कानात काही म्हटलं. दुभाषा हसून म्हणाला, “शेखसाहेब विचारतायत, ह्या मसाल्यात काय काय आहे? त्यांच्या लहानपणी घरी मुंबईचा एक आचारी होता, त्याच्या हातचं असंच लागायचं. मधे कितीतरी वर्षं ही चव मिळाली नाही म्हणतात.”

“घरचाच मसाला,” विनोद घाईनं म्हणाला. “मिरची, धणे, लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल...” तो बोटं मोजत गेला आणि एका बोटापाशी थांबला. त्यालाही चव लागली होती. रत्नागिरीत वाढलेला माणूस, त्याच्या जिभेला कधीच कळलं असणार. त्यानं सगुणाकडे बघितलं. त्या नजरेत शाळेतला विनोद होता, नको ना गं म्हणणारा. “...बस, एवढंच.”

“और?” म्हाताऱ्यानं थेट सगुणालाच विचारलं. एवढं हिंदी तिकडे सगळ्यांना येतं.

“खसखस,” सगुणा म्हणाली.

दुभाष्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला काही करायचं उरलं नव्हतं. तो शब्द तिकडूनच कधीतरी गलबतात बसून इकडे आलेला. परत जाताना त्याला वाट विचारावी लागली नाही. म्हाताऱ्याचा रुमाल दाढीपाशीच राहिला. त्यानं तो शब्द आपल्या उच्चारात, अगदी हळू, स्वतःशी एकदा म्हणून बघितला आणि रिकाम्या वाटीकडे पाहिलं. दिल्लीच्या साहेबांचा एक तळवा वर राहिला होता, एक खाली.

“ताई, प्लीज,” विनोद म्हणाला. “चुकून पडली असेल...”

“चुकून नाय. मी घातली. ती पडतेच त्यात.” सगुणाचा आवाज डंकावर बोलायचा होता, मोठा, तो तिला बारीक करता येईना आणि तिनं केलाही नाही. ती दुभाष्याकडे वळली. “त्यांना सांगा, भिऊ नका, विष नाय. आमच्यात बाळंतिणीला देतात. दोनदा मागून घेतलंत, बरं वाटलं आम्हाला. त्यांना काय होणार नाय. गाडीत बसतील, विमानात बसतील, घरी जातील. पोटात घेऊन जातील. पण हाच मसाला, ह्याच हातचा, पिशवीत घेऊन एक जण तिकडे गेला तर...”

नाव जिभेवर होतं. पण ते नाव उच्चारायचा पहिला मान तिचा नव्हता, हे तिला एकदम लख्ख कळलं, आणि ती तशीच उभी राहिली, अर्ध्यावर थबकलेल्या मुसळासारखी. कुणी दुभाष्याला भाषांतर कर म्हणेना, नको म्हणेना. खिडकीबाहेर कलमांत कुणीतरी काठीच्या झेल्यानं आंबा उतरवत होतं, देठ तुटल्याचा एक बारीक कट् आवाज आला.

मागून भांड्याचा आवाज झाला. मैमुना दारातून आत आली. दोन्ही हातांत फडक्यांनी धरलेला सालनाचा टोप. तिनं तो टेबलाच्या मधोमध, आंब्यांच्या ताटाशेजारी ठेवला, फडकं खांद्यावर टाकलं, ओढणी नीट केली. साहेब म्हणाले, “बहनजी, ही वेळ...” तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती म्हाताऱ्याकडे बघत होती, वयानं बरोबरीच्या माणसाकडे बघतात तसं. तिच्या भाषेत बोलली, आणि दुभाष्यासाठी दमानं, एकेक शब्द सुटा करून.

“अद्नान मन्सूर होडेकर. माजा पोर. त्यानं कायपण केलं नाय, तुमी आता जेवलात तेवडंच त्यानं केलं. तो तुमच्याकडं हाय. परत द्या.”